स्लीप बंद ठेवा, असं सांगू नकोस

चि. बाळ हिस,
अनेक आशीर्वाद.

देवगडच्या आंबा बागायतदारांसाठी केलेलं तुझं पेटी-पट्टीचं सॉफ्टवेअर चालवून बघितलं. वाशीच्या दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली की आडत, हमाली, भाडं वजा जाऊन हातात काय पडणार ते लगेच दिसतं. हिशेब चोख आहे, त्यात मला बोलायला जागा नाही. पण सोबतच्या माहितीपुस्तिकेत एक सूचना आहे: ‘कॉम्प्युटरचा स्लीप मोड कायमचा बंद करावा.’ हे पत्र तिच्यासाठी.

ही सूचना का आली ते कळतं. यंत्र झोपून उठलं की सर्व्हरशी जोडणी मेलेली असते, वजनकाटा जोडलेलं पोर्ट सापडत नाही, प्रोग्रॅम अडकून बसतो आणि तुला फोन येतो. फोन टाळायचा सोपा उपाय म्हणजे यंत्राला झोपूच द्यायचं नाही. त्याची किंमत मात्र पेट्या भरण्याची शेड चालवणारा मोजतो.

किती, ते मांडून बघू. जुना डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून रिकामे बसले तरी ६० वॅट सहज खातात. रात्रीचे १२ तास धर, ७२० वॅट-तास झाले, म्हणजे जवळपास पाऊण युनिट. लाईट असेल तर ही रक्कम किरकोळ आहे, उगाच पर्यावरणाचं भाषण मी तुला देणार नाही. पण लाईट गेलेली असेल तर? इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची, हाताला त्याहून कमीच लागते. त्यातला चाळीस टक्के भाग तुझ्या प्रोग्रॅमने एका रात्रीत काहीही न करता संपवला. तेच यंत्र स्लीपमध्ये दोन-चार वॅटवर राहतं. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आणि पुढच्याच वर्षी ऐन मे महिन्यात, हंगाम चालू असताना आलेलं तौक्ते आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. खांब आडवे झाले की वायरमन तरी काय करणार? अशा वेळी बॅटरीतला प्रत्येक तास मोबाईल चार्ज करायला आणि घरातल्या दिव्याला हवा असतो.

म्हणून आधी झोपणं-उठणं नीट कर. विंडोज झोपायच्या आधी प्रत्येक प्रोग्रॅमला संदेश पाठवते. विंडोज व्हिस्टा या आवृत्तीपासून त्याला नकार देता येत नाही आणि आवराआवरीला साधारण दोन सेकंद मिळतात. तेवढ्यात सगळा डेटा लिहून काढायच्या भानगडीत पडू नकोस. प्रत्येक पेटीची नोंद झाली त्या क्षणीच ती ट्रान्झॅक्शन (पूर्ण होईल किंवा मुळीच होणार नाही असा व्यवहार) पूर्ण करून डिस्कवर गेलेली असावी, म्हणजे त्या दोन सेकंदांत पोर्ट बंद करण्यापलीकडे काम उरत नाही. लाईट अचानक गेली तरी हीच सवय उपयोगी पडते. उठल्यावर जुनी जोडणी जिवंत आहे असं गृहीत धरू नकोस. ती टाकून नवी कर, पोर्ट पुन्हा उघड. वेळेचंही भान ठेव. लिनक्सवर मोनोटॉनिक घड्याळ झोपेतला वेळ मोजत नाही, बूटटाईम घड्याळ मोजतं. ‘दोन तासांनी बॅकअप’ यातले दोन तास कुठले, ते तुला ठरवावं लागेल.

यंत्राला जागं ठेवण्याची खरी गरज कधी असते? बॅकअप वर चढतोय, हंगामाचा मोठा अहवाल छापला जातोय, तेव्हा. तेवढ्यापुरती सिस्टिमकडे तशी मागणी नोंदवायची आणि काम संपताच, काम फसलं तरीही, ती मागे घ्यायची. मागे घ्यायचं विसरणारे प्रोग्रॅम मी फार पाहिले. विंडोजमधली ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा ‘रिक्वेस्ट्स’ पर्यायासह चालव, यंत्राला जागं कोण ठेवतंय त्याचं नाव समोर येतं. तुझ्या प्रोग्रॅमचं नाव तिथे रात्री दिसता कामा नये.

आता तुझा प्रोग्रॅम काही करत नसताना काय करतो ते. पट्टीची फाईल आली का म्हणून फोल्डर सतत उघडून बघतो, काट्यावर वजन आलं का म्हणून पोर्टला सतत विचारतो. होडी लागली का बघायला दर मिनिटाला बंदरावर धावणाऱ्या माणसाचं दुसरं काम काय होणार? प्रोसेसर रिकामा असला की टप्प्याटप्प्याने खोल विश्रांतीत जातो आणि खरी बचत त्या खोल टप्प्यांत असते. तिथे जायला-यायलाही वेळ लागतो. तू त्याला सारखं उठवलंस तर तो वरच्याच पायरीवर बसून राहतो, मग टास्क मॅनेजरमध्ये तुझा वापर शून्य टक्के का दिसेना. विंडोजचा टायमर मुळात सेकंदाला ६४ वेळा टिकटिकतो. तू एक मिलिसेकंदाची अचूकता मागितली आहेस, म्हणजे सेकंदाला १००० वेळा. विंडोज १० च्या मे २०२० च्या अपडेटआधी अशी एका प्रोग्रॅमची मागणी सगळ्या यंत्राला लागू व्हायची, आणि शेडमधली यंत्रं त्याहून जुनीच असतात. आंब्याच्या वजनाला मिलिसेकंद कशाला हवा?

पोर्टवर वाचायला बस आणि बाइट येईपर्यंत प्रोग्रॅमचा तो धागा (थ्रेड) झोपू दे. फोल्डरसाठी सिस्टिमची सूचना घे: विंडोजवर फाईलसिस्टिमवॉचर, लिनक्सवर आयनोटिफाय. एक खाच लक्षात ठेव. एकदम पुष्कळ फाईली आल्या तर वॉचरचा बफर, म्हणजे सूचना साठवायची जागा, भरून काही सूचना गळतात. म्हणून प्रोग्रॅम सुरू होताना, यंत्र उठल्यावर आणि बफर भरल्याची चूक आली तर, फोल्डर एकदा स्वतः वाचून घे. कोपऱ्यातला तो हलणारा आंबा गोड आहे, पण खिडकी मिटलेली असताना तो थांबव.

रेंज नसताना दर दोन सेकंदांनी सर्व्हरला हाक मारतेस, तेही बदल. प्रत्येक अपयशानंतर थांबायची वेळ दुप्पट कर, वर काहीतरी मर्यादा घाल आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळ. नाहीतर गावाची लाईट आली की सगळ्या शेडमधली यंत्रं एकाच क्षणी तुझ्या सर्व्हरवर तुटून पडतील.

हे सगळं प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी मनावर घेतलं ते २००७ च्या सुमारास. लिनक्सच्या २.६.२१ या आवृत्तीत रिकाम्या प्रोसेसरला ठरावीक ठोक्याने उठवणं थांबलं, त्याच वर्षी इंटेलने पॉवरटॉप आणलं. प्रोसेसरला सेकंदाला कितीदा कोण उठवतं त्याची नावांनिशी यादी ते दाखवायचं. यादीत आपलं नाव बघून अनेकांनी आपापले प्रोग्रॅम सुधारले. तुझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर ते चालवून बघ. तिथेच आरटीसीवेक ही आज्ञा यंत्राला झोपवून ठरल्या सेकंदांनी उठवते. ती रात्रभर फेऱ्यांत लाव आणि नोंदी घालणारी चाचणी सोबत चालू ठेव. विंडोजसाठी मात्र हाताने कर: नोंद अर्धी असताना लॅपटॉपचं झाकण मिट, काट्याची वायर काढ, मग उघड.

सगळं एकदम करायला जाऊ नकोस. पहिल्या पेट्या जानेवारी-फेब्रुवारीत वाशीला निघतात, त्याआधी झोपणं-उठणं आणि सर्व्हरला हाका मारताना थांबणं एवढं उरक. पोर्ट आणि फोल्डरचं काम हंगाम संपल्यावर, आगोटीनंतर, म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर, निवांत हाती घे. चालू हंगामात वजनकाट्याच्या कोडला हात लावू नकोस.

कळावे,
तुझा काका