पेशी फुगली तर पाणी कोण उपसतं?

प्रश्न : सर, मी सावद्याची, बारावी सायन्सला आहे. आजीला दमा आहे म्हणून घरी नेब्युलायझर (औषधाचं धुकं करणारं मशीन) आहे. परवा रात्री सलाइनची कुपी संपली तर मम्मीने औषधात आरोचं पाणी टाकून मशीन लावलं, आजीला असा खोकला लागला की बंदच करावं लागलं. साधंच पाणी होतं ना? आणि पुस्तकात लिहिलंय की साध्या पाण्यात पेशी फुगते, मग फुफ्फुसातल्या पेशी फुगल्या तर परत बारीक कशा होतात? हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात तसं पाणी सोडून देतात का?

उत्तर : आधी आजीचं. मशीनमध्ये आरोचं पाणी परत टाकू नका, आणि तो खोकल्याचा प्रकार डॉक्टरांच्या कानावर घाला. कारण खाली सांगतो.

हतनूरचं उदाहरण मस्त दिलंस, फक्त एक गोची आहे. हतनूरच्या ४१ दरवाजांतून पाणी जातं, पेशीच्या दरवाजांतून मुख्यतः मीठ जातं. पाणी उपसायचा पंप आपल्या शरीरातल्या कुठल्याच पेशीकडे नसतो बघ, पाणी आपलं जिकडे खारटपणा जास्त तिकडे सरकतं. लोणच्याच्या कैरीला मीठ-हळद चोळून ठेवली की सकाळी पातेल्यात पाणी साचलेलं असतं, ते कोणी पिळलेलं नसतं, मिठाने ओढलेलं असतं. पेशी हेच करते, स्वतःचं मीठ बाहेर टाकते आणि पाणी त्याच्या मागे निघून जातं.

आता मीठ म्हणजे खायचं मीठ नाही. पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर, लिटरला साधारण १४० मिलिमोल, आणि बाहेर जेमतेम ४-५. हा साठा सोडियम-पोटॅशियम पंपाने आधीच करून ठेवलेला असतो, तीन सोडियम बाहेर दोन पोटॅशियम आत, दिवसरात्र तेच काम. म्हणजे केळीवाले रात्रीच्या लाइटीत पंप चालवून शेततळं भरून घेतात ना, तसं. ऐनवेळी फक्त व्हॉल्व्ह उघडायचा.

फुफ्फुसाच्या पेशीत तो उघडतो कसा, ते बघण्यासारखं आहे. पाणी आत शिरून पेशी मिनिटभरात टम्म होते, ताण बसला की ती थोडं एटीपी बाहेर सोडते, हो तेच एटीपी, जे तू एनर्जीचं चलन म्हणून पाठ केलंय. इथे ते निरोप्याचं काम करतं, स्वतःच्या आणि शेजारच्या पेशीच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रोटीनला, चिकटतं, आत कॅल्शियम वाढतं आणि पोटॅशियमचे चॅनल, म्हणजे दरवाजे, उघडतात. क्लोराइडचा दरवाजा वेगळा. तो आहे हे १९८० च्या दशकापासून माहीत होतं पण कुठल्या प्रोटीनचा बनलाय ते सापडेना, २०१४ मध्ये बर्लिनच्या येंच आणि अमेरिकेतल्या पॅटापुटियन यांच्या टीमना वेगवेगळं शोधून एकच प्रोटीन मिळालं, एलआरआरसी८ए. (हे पॅटापुटियन म्हणजे २०२१ च्या नोबेलवाले, पण ते नोबेल स्पर्शाच्या रिसेप्टरसाठी होतं.) एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर टॉरिन लिहिलेलं असतं बघ, तेही याच वाटेने बाहेर पडतं. मग पाच-दहा मिनिटांत, कधी अर्ध्या तासात, पेशी जवळपास पहिल्या मापावर येते.

पण यात पेशीचा साठा रिकामा होतो बरं का, त्यामुळे बाहेरचं पाणी परत नॉर्मल खारट झालं की तीच पेशी आक्रसते आणि मग सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड एकत्र आत ओढणारं दुसरं प्रोटीन कामाला लागतं.

आता आजी. सलाइन ०.९ टक्के असतं, लिटरला ९ ग्रॅम मीठ, आपल्या रक्ताच्या खारटपणाला जुळणारं. आरोच्या पाण्यात मीठ जवळपास नाहीच. त्याचं धुकं श्वासनळीच्या आतल्या पातळ थराला एकदम अळणी करतं, पेशी आपलं माप सांभाळतील हळूहळू, पण खोकल्याच्या नसांना तेवढा धीर नसतो, त्या लगेच भडकतात, आणि दम्यात नळ्याही आवळतात. दमा तपासायला डिस्टिल्ड वॉटरचं धुकं मुद्दाम हुंगवायची टेस्टसुद्धा आहे, म्हणजे मम्मीने नकळत ती घरीच केली. मम्मीला रागावू नकोस, दोन-चार कुप्या जास्तीच्या आणून ठेवा, आणि उघडलेली कुपी उरली तर उद्यासाठी झाकून ठेवू नका, फेकून द्या.