स्वतःचं काम चोख करूनही ग्रुपला मी नकोशी का होते? चांगली टीम मेंबर होण्यासाठी काय करू?

तुम्ही लिहिलंय की प्रोजेक्टमधला तुमचा भाग वेळेत आणि व्यवस्थित होतो, तरी पुढच्या वेळी तुम्हाला कुणी आपणहून ग्रुपमध्ये घेत नाही. मला वाटतं गोम ‘माझा भाग’ या शब्दांतच आहे. ग्रुपचं काम बहुतेक वेळा बिघडतं ते एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाताना, आणि ती जागा कुणाच्याच भागात धरलेली नसते.

मी हे शिकले एकांकिकांच्या बॅकस्टेजला. मुंबईतल्या कॉलेजांत आयएनटीसारख्या (इंडियन नॅशनल थिएटरच्या) एकांकिका स्पर्धांचे दिवस आले की तालमी रात्रीपर्यंत चालतात. स्पर्धेत सेट लावायला आणि उतरवायला मोजकी मिनिटं मिळतात, आणि दोन प्रवेशांमधला ब्लॅकआउट तर काही सेकंदांचा. त्या अंधारात रेडियमच्या पट्ट्यांवर लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरा, ठेवायची, आधीच्या प्रवेशाची प्रॉपर्टी, म्हणजे वापरातल्या वस्तू, उचलायची, विंगेत परत यायचं. लेव्हलचं एक टोक माझ्या हातात असेल तर उचलण्याआधी ‘उचलतेय’ असं हळू आवाजात सांगायचं, कारण दुसऱ्या टोकाला कुणाची तरी बोटं असतात. ठेवून झालं की ‘ठेवलं’ म्हणायचं. लाइट्सवाल्याला क्यू, म्हणजे दिवे लावायचा इशारा, त्यानंतर जातो. मी माझी खुर्ची अचूक जागी ठेवली, पण सांगितलं नाही, तर पुढचा माणूस अडकतो.

तुमच्या प्रोजेक्टमध्येही हेच करा. फाइल नुसती ड्राइव्हवर टाकून गप्प बसू नका. काय झालंय, काय राहिलंय, कुठला आकडा अजून तपासायचाय आणि आता कुणी सुरू करायचं, हे चार ओळींत लिहा. ज्याच्याकडे ती फाइल जाणार आहे त्याला आधीच विचारा, ‘तुला ही कशा स्वरूपात हवीय?’ एवढ्यानं लोकांची रात्रीची जागरणं वाचतात.

अडचण असेल तर ती लगेच सांगणं याहून महत्त्वाचं. पावसाळ्यात गाडी कुर्ल्याला अडकली तर तालमीला पोचेपर्यंत थांबायचं नाही, डब्यातूनच मेसेज करायचा, म्हणजे तुमच्या जागी दुसरं कुणी उभं राहून तालीम पुढे जाते. ‘उद्यापर्यंत होईल बहुतेक’ हे वाक्य टीमला सगळ्यात महाग पडतं. होत नसेल तर आजच सांगा आणि मदत मागा. त्यात कमीपणा नाही.

कामं नावानं वाटली जातील हेही बघा. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच अभियंत्याचे दोर ओढण्याचे प्रयोग 1913 मध्ये प्रसिद्ध झाले. आठ जण मिळून ओढायला लागले की दर माणशी जोर एकट्यानं ओढताना असतो त्याच्या निम्म्यावर येत होता. काही जोर ताळमेळ नसल्यामुळे वाया जातो, काही माणसं ढिली पडल्यामुळे. पुढे 1981 च्या एका अभ्यासात दिसलं की प्रत्येकाचा वाटा वेगळा ओळखता येतो आहे हे माणसांना ठाऊक असलं की ढिलाई जवळपास जाते. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘कुणीतरी बघा रे’ लिहिण्यापेक्षा ‘संदर्भांची यादी मी गुरुवारपर्यंत करते’ असं लिहा. तुम्ही सुरुवात केलीत की बाकीचेही नाव लावून कामं घेऊ लागतात.

आता माणसांकडे या. तुमच्या ग्रुपमध्ये कुणी विरारहून येत असेल, कुणी कर्जतहून. मीटिंग संध्याकाळी सहाला ठेवली की त्यांना ऐन गर्दीत लटकत जावं लागतं, मग ते येत नाहीत आणि त्यांच्यावर आळशीपणाचा शिक्का बसतो. वेळ ठरवताना ‘तुझी गाडी किती वाजताची?’ हे विचारणारी व्यक्ती मला नेहमीच टीममध्ये हवी असते. तसंच भाषेचं. चर्चा इंग्रजीत सुरू झाली की दोघंतिघं एकदम गप्प होतात, आणि बऱ्याचदा विषय त्यांनाच जास्त कळलेला असतो. तुम्ही मुद्दाम मराठीत किंवा हिंदीत एक प्रश्न त्यांच्याकडे टाका. रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा असला म्हणून विचारही इंग्रजीतच करायला हवा असं कुठे आहे?

मतभेद असतील तर ते निर्णयाआधी, सगळ्यांसमोर, जोरात मांडा. निर्णय तुमच्या विरुद्ध गेला तरी तो मनापासून राबवा, कँटीनमध्ये त्याच्याविरुद्ध कुजबुज नको. अपवाद एकच: कुणी आकडे बनवत असेल किंवा दुसऱ्याचं लिखाण उचलत असेल तर तिथे गप्प बसू नका.

आणि काम न करणारा एखादा असतोच. त्याचं काम मुकाट्यानं स्वतः उरकून नंतर धुसफुसत राहू नका. तुमच्यासारख्या चोख माणसांकडून हे फार होतं. आधी त्याला एकट्याला गाठा आणि सरळ विचारा की अडलंय कुठे. घरचं काही असेल, नोकरी असेल, किंवा काम कळलंच नसेल. मग त्याला जमेल असा लहान भाग तारखेसह द्या. तरीही झालं नाही तर सगळ्यांसमोर बोला, आणि त्यानंतरच मॅडमकडे किंवा सरांकडे जा, तेही त्याला आधी सांगून.

हे सगळं वाचूनही नेमकं काय चुकतंय ते कळलं नाही, तर जुन्या ग्रुपमधल्या एकाला चहाला बोलवा. ‘माझ्याबरोबर काम करताना तुला काय जड गेलं?’ असं विचारा आणि तो बोलत असताना मध्ये खुलासा करू नका.