मे महिन्यात राजापूरला राहायला जावं का? थंडावा आणि नदी मिळेल का?

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात तीन आठवडे, १ ते २१ मे, कोकणातल्या राजापूरला राहायचा विचार आहे, सोबत सत्तरीची आई आणि चौथीतला मुलगा, समुद्रावरची गर्दी नको म्हणून डोंगरातलं नदीकाठचं गाव निवडलंय, तर तिथे थंडावा मिळेल का, नदीत डुंबता येईल का आणि मुलगा कंटाळेल का. मी दोन वर्षांपूर्वी जवळजवळ असंच बिऱ्हाड घेऊन तिथे राहिलेय, माझी आई, माझा ९ वर्षांचा मुलगा आणि मी, १० मे ते १३ जून. त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

थंडावा मिळणार नाही, हे आधीच सांगते. राजापूर डोंगरात आहे पण डोंगरावर नाही, चारी बाजूंनी टेकड्या आणि मधल्या खोलगट जागेत गाव, त्यामुळे हवा कोंडते आणि दुपारी बारा ते चार बसल्या जागी घामाच्या धारा लागतात. गार हवाच पाहिजे असेल तर सरळ आंबोलीला जा. पण राजापुरात घर नीट निवडलं तर उन्हाळा सुसह्य होतो, म्हणजे कौलारू घर, जांभ्याच्या जाड भिंती, मधे काळोखं माजघर आणि पुढे पडवी असलेलं. आम्ही आधी चार दिवस एका नवीन बिल्डिंगमधे वरच्या मजल्यावर होतो, स्लॅब असा तापायचा की रात्री दोन वाजता पण गादी गरम. मग ओळखीतून जुन्या घराच्या दोन खोल्या मिळाल्या आणि आई पहिल्यांदा दुपारची शांत झोपली. एसी आहे का हे विचारूच नका, माजघर आहे का ते विचारा, कारण वळवाच्या पावसात वारा सुटला की लाईट जातेच आणि कधी कधी रात्रभर येत नाही.

आता नदी. आम्ही ते पहिलं घर बुक केलं होतं ते फोटो बघून, खिडकीखाली दुथडी भरलेली नदी, हिरवेगार डोंगर, आणि फोटो जुलैमधला आहे हे कोणीच सांगितलं नाही. पोचलो तर खाली नुसते दगड, गाळाचे उंचवटे, मधून एक बारीक ओहोळ आणि डबक्यांचा वास. मुलगा रडवेला झाला, मला पण फसवल्यासारखं वाटलं. तुमच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून हे उत्तर लिहितेय. अर्जुना नदी अणुस्कुऱ्याच्या बाजूने सह्याद्रीतून उतरते, गावाजवळ तिला कोदवली मिळते आणि पुढे तिचीच जैतापूरची खाडी होते. कोकणातल्या बहुतेक नद्यांसारखी आखूड आणि तीव्र उताराची, पाऊस पडला की काही तासात पाणी समुद्राकडे आणि मे महिन्यात कोरडं पात्र. त्यातच पावसाळ्यात घाटातून माती येते, ती गावाजवळ उतार संपतो तिथे बसते, पात्र उथळ होतं, आणि जोराच्या पावसात वरून लोंढा आणि खालून खाडीची भरती एकाच वेळी आली की पाणी बाजारपेठेत, जवाहर चौकात शिरतं. बाजारातल्या एका दुकानदार काकांनी माझ्या मुलाला भिंतीवर हात ठेवून दाखवलं की पाणी इथपर्यंत येतं, तो हात मुलाच्या डोक्याच्या वर होता. त्यानंतर तो त्या कोरड्या नदीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागला, रोज पुलावर उभा राहून विचारायचा की आई, हे सगळं भरतं?

आणि गंमत म्हणजे हेच गाव एके काळी मोठं बंदर होतं. राजापुरात इंग्रजांची वखार होती, १६६० मधे पन्हाळ्याच्या वेढ्यात तिथल्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफा आणि दारूगोळा देऊन मदत केली, म्हणून १६६१ मधे शिवाजी महाराजांनी राजापूरवर येऊन ती वखार लुटली आणि वखारीचा प्रमुख रेव्हिंग्टन वगैरे इंग्रजांना कैदेत टाकलं. शाळेत आपण हे दोन ओळीत पाठ करतो. पण तिथे बंदर धक्क्याच्या बाजूला उभं राहिलं आणि समोर गुडघाभर पाणी बघितलं की प्रश्न पडतो की गलबतं आली कुठून. खाडीतून वर यायची, पार अरबस्तानाशी व्यापार चालायचा, इथून माल बैलांवर घाट चढून वर देशावर जायचा. ते सगळं गाळाने संपवलं. मला वाटतं राजापूर समजून घ्यायचं तर मे महिन्यातच यावं, कारण पात्र उघडं असतं आणि किती गाळ साचलाय ते डोळ्यांनी दिसतं. नदीतला गाळ उपसायचं काम पण पावसाच्या आधीच करावं लागतं. तिथली माणसं या विषयावर खूप कळकळीने बोलतात, ऐकून घ्या, विचारा.

डुंबायचं असेल तर गावात नाही, गावाच्या वरच्या अंगाला जायचं. नदी आटली तरी कोंड आटत नाहीत, कोंड म्हणजे पात्रातले खोल डोह, तिथे पाणी स्वच्छ आणि दुपारी पण गार असतं. मात्र याबाबतीत माझं ऐकाच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका कोंडीवर गावातली पोरं सूर मारत होती, माझ्या मुलाने पण हट्ट केला, मी हो म्हटलं, आणि ती पोरं ज्या दगडावरून उड्या मारत होती तो सोडून हा पलीकडच्या काठाने उतरला. तिथे गाळ होता. गुडघ्यापर्यंत पाय रुतले, पाणी छातीपर्यंत, आणि तो जितका ओढायला जाईल तितका आत. मी काठावरून धावले, पण माझ्या आधी म्हैस धुवायला आलेले एक आजोबा त्याच्यापर्यंत पोचले, त्यांनी त्याला मागे आडवं झोपवून अलगद पाय सोडवले. मला एवढंच म्हणाले, "बाय, पोरं जातात तिथनंच जायचं, पाणी सगळीकडे सारखं दिसतं." अजून ते आठवलं की पोटात गोळा येतो. मग पुढचे वीस दिवस तेच आजोबा सकाळी सातला कोंडीवर यायचे आणि मुलगा त्यांच्याकडेच पोहायला शिकला, आधी पाठीला सुका भोपळा बांधून, मग त्याशिवाय. पैसे घेतले नाहीत, निघताना मी त्यांना पंचा दिला, आणि राजापुरी पंचा राजापुरातल्या माणसालाच द्यायचा म्हणून मला संकोच वाटत होता, पण ते खूप खूष झाले. तर स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय मुलाला पाण्यात सोडू नका. आणि गावाच्या खालच्या बाजूला खाडीत तर अजिबात नाही, तिथे भरती-ओहोटीची ओढ असते आणि चिखल जास्त.

राजापूर म्हटलं की लोक आधी गंगेचं विचारतात. उन्हाळे गावी, राजापुरापासून तीनेक किलोमीटरवर टेकडीवर दगडी आवारात १४ कुंडं आहेत, वर्षानुवर्षं कोरडी असतात आणि मग एक दिवस अचानक भरतात, काही आठवडे किंवा महिने वाहतात आणि तशीच अचानक बंद होतात. पूर्वी साधारण तीन वर्षांनी गंगा येते असं गणित होतं, अलीकडे ते राहिलेलं नाही. खडकाच्या पोटातल्या पोकळ्यांमधे पाणी साठत जातं, ठराविक पातळीच्या वर गेलं की वक्रनलिकेसारखं, म्हणजे सायफनसारखं, एकदम वाहायला लागतं आणि पातळी उतरली की थांबतं, असं त्याचं कारण सांगतात. मला दोन्ही पटतं, ते कारण पण आणि आईने कोरड्या कुंडापाशी सुद्धा हात जोडले ते पण. आम्ही होतो तेव्हा गंगा नव्हती. तुमच्या वेळी आली तर गावात दुसरा विषयच नसेल, सगळीकडून लोक येतात, तेव्हा पहाटे लवकर जा. नसेल आली तरी तिथून खाली नदीजवळ गरम पाण्याचं कुंड आहे, ते बारमाही. माझ्या आईचे गुडघे दुखतात, ती दर दोन दिवसांनी रिक्षा करून जायची. बरं होतं असं मी म्हणणार नाही, पण तिला तिथून आल्यावर हलकं वाटायचं हे मी दर वेळी बघितलंय.

धोपेश्वरचं धूतपापेश्वर मंदिर तर चुकवूच नका. मृडानी नावाची छोटी नदी देवळाला लागूनच खाली उडी घेते, पावसाळ्यात तो धबधबा बघायला गर्दी होते, मे महिन्यात नुसती धार. पण झाडी इतकी दाट की भर दुपारी सावली. आम्ही पोळीभाजीचा डबा घेऊन जायचो, मुलगा खेकडे शोधायचा, आई जप करायची आणि मी काहीच करायचे नाही. एकदा समोरच्या झाडावर धनेशाची जोडी येऊन बसली, त्या मोठ्या चोचीने फळ उडवून झेलतात ते बघताना आम्ही तिघंही गप्प.

मुलगा कंटाळेल का, तर त्याला बारसूच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, घेऊन जा. पण सूर्य उगवायच्या आत पोचा, कारण सड्यावर एक झाड नाही आणि नऊनंतर जांभा तव्यासारखा तापतो. तिथे जमिनीवर दगडात कोरलेली कातळशिल्पं आहेत, एका चित्रात मधे माणूस आणि दोन्ही बाजूंना वाघासारखे प्राणी, सगळं माणसापेक्षा मोठं. कोणी हजारो वर्षांपूर्वी ते कोरलं असं सांगितल्यावर मुलगा तिथेच बसला आणि वहीत काढायला लागला. २०२२ पासून कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत आणि त्यातली कितीतरी याच तालुक्यात, बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, कशेळी. देवीहसोळला तर आर्यादुर्गेच्या देवळाजवळच आहे, आईला पण झेपेल. रेषांवर पाय देऊ नका, खडू किंवा पाणी टाकून फोटो काढू नका, मी लोकांना असं करताना बघितलंय आणि जीव तुटतो.

खाण्याबद्दल काय सांगू. आमच्या घरमालकीण काकू स्वतः सांगायच्या आज काय आणा आणि काय नको. फणसाची भाजी, आठळ्या घालून केलेली आमटी, घावणे आणि आंब्याचा रस, संध्याकाळी करवंदं. मे महिना म्हणजे तिथे पावसाळ्याच्या बेगमीचा महिना, अंगणात रातांब्याची म्हणजे कोकमाची सोलं वाळत घातलेली, आंब्याची साठं घातलेली, पापड, मिरच्या, आणि या सगळ्यावर लक्ष ठेवायला एक माणूस लागतो. ते काम माझ्या आईने आपणहून घेतलं. घरी डोंबिवलीला ती दिवसभर टीव्हीसमोर असते, इथे काठी घेऊन अंगणात बसायची, शेजारच्या दोन बायका यायच्या आणि गप्पा सुरू. काकूंनी निघताना तिला कोकमाच्या आगळाची बाटली दिली आणि म्हणाल्या पुढच्या वर्षी सोलं तुम्हीच घालायला या. मासे खात असाल तर बाजारात खाडीची मासळी बघा, मुळे म्हणजे शिंपल्या, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, ताजं मिळतं, १ जूननंतर समुद्रातली मासेमारी बंद असते हे धरून चाला.

पाखाड्यांबद्दल सांगायचं राहिलं. जुन्या गावात चढ-उतार खूप, दगडी पायऱ्यांच्या वाटा, काही ठिकाणी कठडा नाही. आईला जमणार नसेल तर घर बाजाराच्या पातळीवर किंवा रिक्षा दारात येईल असं घ्या, वरच्या आळीतलं सुंदर घर बघून मोहात पडू नका.

जायचं कसं, तर मुंबईहून तुतारी एक्सप्रेसने राजापूर रोडला उतरता येतं, पण स्टेशन गावापासून बरंच लांब आहे, रिक्षा किंवा गाडी आधी सांगून ठेवा, आई सोबत आहे तर नक्कीच. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं आणि मे महिन्याचं काही मिनिटात संपतं. आसपासच्या गावांना एसटी जाते पण गाड्या मोजक्या, परतीची वेळ कंडक्टरला उतरतानाच विचारा, नाहीतर वस्तीच्या गाडीशिवाय काही मिळायचं नाही.

आणि तारखा बदलता आल्या तर बदला ही माझी खरी विनंती. १ मे ते २१ मे ऐवजी २० मे ते १० जून करा. मुलाची शाळा जूनच्या मध्याला असेल तर जमेल. शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी काजवे दिसायला लागतात, ढग जमतात, सगळं गाव कौलं शाकारणं आणि लाकडं आत घेणं यात गुंतलेलं असतं. आमच्याकडे ८ जूनच्या रात्री खरा पाऊस आला. लाईट गेली होती, आम्ही तिघं आणि काकू पडवीत, आणि पहाटे कधीतरी आधी नसलेला एक आवाज सुरू झाला, खालून, सतत. काकू म्हणाल्या, नदी आली. उजाडल्यावर मुलगा छत्री न घेताच पुलावर पळाला. लाल पाणी, फांद्या वाहत होत्या, ते गाळाचे उंचवटे कुठे दिसेनात. कोंडीवरचे आजोबा पण पुलावर उभे होते, त्यांनी त्याला सांगितलं आता दसऱ्यापर्यंत पोहणं बंद, आणि त्याने मान डोलावली.

घराचं नक्की करायच्या आधी मालकांकडून आत्ताचा, याच आठवड्यातला खिडकीतला फोटो मागवा. आणखी काही विचारायचं असेल तर कमेंटमधे विचारा, आईच्या गुडघ्यांचं किंवा औषधांचं काही असेल तरी सांगा, मी आईला विचारून लिहीन.