पुण्याहून नाशिकला जुना फ्लॅट घेऊन राहायला येतोय. वीज आणि गॅसचं काय काय करावं लागेल?

खरेदीखताच्या आधीच जुन्या मालकाकडून महावितरणचं शेवटचं भरलेलं बिल घ्या. त्यावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकून थकबाकी ऑनलाइन बघा आणि असेल तर आधी त्यांनाच भरायला लावा, नंतर ती तुमच्या गळ्यात येते.

ताबा घ्याल त्या दिवशी मालकासोबत मीटर रूममध्ये जा. बिलावरचा मीटर क्रमांक आणि भिंतीवरच्या मीटरचा क्रमांक एकच आहे का ते बघा. मीटरखालचा मेन बंद केल्यावर तुमच्याच घरातले दिवे गेले पाहिजेत. जुन्या सोसायट्यांत वायरी बदललेल्या निघतात आणि माणूस वर्षानुवर्षं शेजाऱ्याचं बिल भरत राहतो. मग मेन चालू करून घरातली सगळी बटणं बंद ठेवा. मीटरचा लाल दिवा तरीही लुकलुकत राहिला, तर कुठेतरी गळती आहे किंवा दुसऱ्याचा लोड तुमच्यावर आहे. शेवटी रीडिंगचा फोटो काढा, त्याच आकड्यावर हिशेब करा.

नावबदलासाठी इंडेक्स २ (खरेदीखताच्या नोंदणीचा सरकारी उतारा), ओळखपत्र आणि भरलेलं बिल लागतं. जुन्या मालकाचं संमतिपत्र सहीनिशी घेऊन ठेवा. ते असलं की त्यांची सुरक्षा ठेव तुमच्या नावावर वळवता येते, नाहीतर नव्याने भरावी लागते. ती रक्कम त्यांच्याशी व्यवहारातच मिटवा.

बिलावरचा मंजूर भारही वाचा, म्हणजे एकावेळी किती किलोवॅट वापरायची परवानगी आहे ते. नाशिकच्या थंडीत गिझर रोज लागणार, तो २ किलोवॅटचा. सोबत दीड टनाचा एसी आणि इंडक्शन धरलं तर ५ किलोवॅटच्या पुढे जाता. मंजूर भार १ किंवा २ किलोवॅट असेल तर वाढवून घ्या, आणि गिझरला १६ अँपिअरचा पॉइंट स्वतंत्र एमसीबीवर (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) आहे ना, तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासा.

गॅस सिलिंडर टेम्पोत घालून आणू नका. पुण्याच्या एजन्सीत सगळे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, अनामत परत घ्या, ट्रान्सफर व्हाउचर घ्या. नाशिकच्या एजन्सीत ते दाखवून चालू दराने अनामत भरली की कनेक्शन मिळतं. रबरी नळी मात्र नवी घ्या, तिचं आयुष्य ५ वर्षं.

इमारतीत पाइपचा गॅस असेल तर शेगडीचे जेट (बर्नरखालची गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी) बदलावे लागतात, कारण त्याचा दाब आणि उष्णता एलपीजीपेक्षा कमी, म्हणून भोक मोठं लागतं. तीच शेगडी पुन्हा सिलिंडरवर लावली तर पिवळी मोठी ज्योत येते आणि भांडी काळी होतात. वास आलाच तर वीजेचं कुठलंही बटण न दाबता खिडक्या उघडा, बाहेर जा आणि सिलिंडर असेल तर १९०६ लावा, पाइपचा गॅस असेल तर गॅस कंपनीचा आपत्कालीन क्रमांक लावा.