गाडी उशिरा आली तर जाब कोणाला विचारायचा? रुग्णवाहिका आणि कायदा

गेल्या काही आठवड्यांत रुग्णवाहिकेबद्दल इतके प्रश्न आले की हा पूर्ण भाग त्यांनाच दिला आहे. नावं छापलेली नाहीत. लांबलेली पत्रं आटोपशीर केली आहेत.

प्रश्न (जव्हार, जि. पालघर): ताई, पहाटे माझ्या सासऱ्यांच्या छातीत कळ आली. १०८ ला फोन लावला, 'गाडी निघाली' असं उत्तर मिळालं. ती दीड तासाने घरी पोचली, तोवर आम्ही शेजाऱ्यांच्या जीपने निम्मी वाट पार केली होती. सासरे बचावले. पण याची ग्राहक मंचात तक्रार करता येईल का? ठरलेल्या वेळेत येणं त्यांना कायद्याने बंधनकारक नाही का?

उत्तर: सासरे बचावले, हे सगळ्यात महत्त्वाचं. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र सोडा. जिथे कोणाकडूनच पैसे घेतले जात नाहीत अशी वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सांगितलं. १०८ ला आपण एक रुपयाही देत नाही, त्यामुळे कायद्याच्या नजरेत आपण तिचे ग्राहक ठरत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. महाराष्ट्रात १०८ सुरू झाली २०१४ च्या जानेवारीत, ९३७ गाड्यांनिशी. त्यातल्या २३३ गाड्यांत व्हेंटिलेटरसह प्रगत सोय, उरलेल्या ७०४ प्राथमिक जीवरक्षक सोयीच्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर ही आपल्याकडची खासियत, आणि ती खरोखर चांगली आहे. पण ही सेवा कुठल्याही स्वतंत्र अधिनियमाने उभी राहिलेली नाही. ती शासन निर्णय आणि ठेकेदाराशी केलेला करार यांवर चालते. शहरात २० मिनिटं, ग्रामीण भागात ३० मिनिटं हे सेवेचं उद्दिष्ट आहे. ते चुकलं तर ठेकेदाराला जाब विचारणार सरकार. त्या करारात तुमच्या सासऱ्यांना कुठेच जागा नाही. सार्वजनिक आरोग्य हा राज्याच्या सूचीतला विषय आहे. गुजरातने २००७ मध्ये आपत्कालीन वैद्यकीय सेवेचा वेगळा कायदा केला. आपल्या विधिमंडळाला तसं करायला दिल्लीला विचारावं लागत नाही. मनावर घेतलेलं नाही, एवढंच.

म्हणजे हात बांधलेले आहेत, असं नव्हे. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार लागलेला असताना एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवलं, कुठे सोय नाही म्हणून, कुठे खाट नाही म्हणून. शेवटी खासगी रुग्णालयात उपचार झाले. १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याला घटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग मानलं आणि २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली. प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयात न्यायला साधनं आणि माणसं असलेली रुग्णवाहिका हवी, हेही त्याच निकालात आहे. 'पैसे नाहीत' ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असंही न्यायालय म्हणालं. उच्च न्यायालयात जाणाऱ्याच्या हातात हा निकाल असतो.

पण आधी कागद. तुमच्या मोबाइलमधल्या कॉलच्या नोंदीचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. मग आरोग्य विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका आणि पाच गोष्टी मागा: फोन आला कधी, गाडी नेमली कधी, ती कोणत्या ठिकाणाहून सुटली, तुमच्या घरी पोचली कधी आणि त्या वेळी तालुक्यातल्या बाकीच्या गाड्या कुठे होत्या. शेवटचा प्रश्न हमखास विचारा. बहुतेकदा खरं उत्तर तिथेच सापडतं: एक गाडी ठाण्या-नाशिकला रुग्ण सोडायला गेलेली, दुसरी दुरुस्तीला. 'ठेकेदार खासगी आहे, माहिती देता येत नाही' असं उत्तर आलं तर ऐकून घेऊ नका. शासनाला खासगी संस्थेकडून कायद्याने मागवता येते ती माहितीही कलम २(च) च्या व्याख्येत येते. अपिलात हे कलम लिहा.

प्रश्न (गेवराई, जि. बीड): रात्री छत्रपती संभाजीनगरला न्यायला खासगी रुग्णवाहिकेने मागेल तेवढे पैसे घेतले, वर 'परतीचं भाडं' वेगळं. रिक्षाला मीटर असतो, यांना काहीच नाही?

उत्तर: रिक्षाला वाहतुकीचा परवाना (परमिट) लागतो आणि परवान्याच्या अटींतून भाड्यावर लगाम बसतो. रुग्णवाहिकेला परवानाच लागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६(३) मध्ये पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांना सूट आहे. शववाहिकेलाही. हेतू चांगला होता, जिल्ह्याची हद्द ओलांडताना गाडी अडू नये. पण त्या सूटीबरोबर लगामही सुटला.

कोरोनाच्या काळात लूट इतकी वाढली की सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना रुग्णवाहिकांचे वाजवी दर ठरवायला सांगितलं. आपल्याकडे आरटीओ आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत दर ठरले. तुमच्या जिल्ह्याचा सध्याचा दरतक्ता उपप्रादेशिक परिवहन कार्यालयातून लेखी मागून घ्या. इथे तुम्ही पैसे दिले आहेत, म्हणून जव्हारच्या वाचकाला बंद असलेला ग्राहक आयोगाचा दरवाजा तुम्हाला उघडा आहे. पावती नसेल तर यूपीआयची नोंद चालते. रोख दिले असतील तर गाडीचा क्रमांक, चालकाचा मोबाइल आणि रुग्णालयात दाखल केल्याची वेळ हा पुरावा. रुग्णालयाच्या फाटकावरच्या एखाद्या माणसाने ही गाडी ठरवून दिली असेल, तर तेही तक्रारीत लिहा. दरातला बराच भाग तिथे मुरतो.

प्रश्न (सरपंच, अक्कलकुवा तालुका, जि. नंदुरबार): आमदार निधीतून गावच्या संस्थेला रुग्णवाहिका मिळाली. फीत कापली, फोटो झाले, आता गाडी शाळेच्या आवारात उभी आहे. चालवायची म्हटलं तर कोणते कागद लागतात?

उत्तर: अशा उभ्या गाड्या मी बऱ्याच तालुक्यांत पाहिल्या आहेत. निधी गाडीला मिळतो, डिझेलला आणि चालकाच्या पगाराला मिळत नाही. तेव्हा पहिला कागद म्हणजे ग्रामसभेचा ठराव: महिन्याचा खर्च कोण उचलणार आणि फोन कोणाकडे राहणार.

मग आरसी बुक उघडा. रुग्णवाहिका म्हणून नोंद आहे का, आणि प्रकार कोणता? १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय संहितेत चार प्रकार आहेत: पहिल्या प्रतिसादाची गाडी (यात दुचाकीही येते), नुसती रुग्ण वाहून नेणारी, प्राथमिक जीवरक्षक आणि प्रगत जीवरक्षक. आमदार निधीतल्या गाड्या बहुधा दुसऱ्या प्रकारात बसतात. तसं असेल तर बाहेर 'कार्डिअॅक' रंगवू नका. उद्या काही बरंवाईट झालं तर ते अक्षरच तुमच्या विरोधात पुरावा होईल.

योग्यता प्रमाणपत्र संपू देऊ नका. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. ते नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही, आणि विमा कंपनीला आयतं निमित्त मिळतं. चालकाच्या बाबतीत दिलासा आहे. ७,५०० किलोच्या आतल्या गाडीला हलक्या वाहनाचा साधा परवाना चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. रुग्णाला रुग्णवाहिकेतून नेण्याच्या सेवेवर जीएसटी नाही. राष्ट्रीय महामार्गावर टोल माफ आहे, पण त्यासाठी सूट असलेला वेगळा फास्टॅग काढा, नाहीतर दर नाक्यावर हुज्जत.

आणि आत एकदा स्वतः चढून बघा. सिलिंडर भरलेला असतो, पण तो उघडायची चावी नसते. ती सुतळीने सिलिंडरलाच बांधून ठेवा. स्ट्रेचरचे पट्टे ओढून पाहा. उन्हात उभ्या गाडीत त्यांची शिवण आधी सुटते, आणि सातपुड्याच्या घाटात रुग्ण स्ट्रेचरवरून घसरतो.

प्रश्न (संगमनेर, जि. अहिल्यानगर): अपघातातल्या अनोळखी माणसाला रुग्णालयात नेलं तर पोलीस पाठी लागतात आणि रुग्णालय डिपॉझिट मागतं. हे खरं की ऐकीव?

उत्तर: सवयीने होतं, कायद्याने नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-ए आणि सप्टेंबर २०२० चे नियम सांगतात की मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हे तो ठरवणार. कामावरच्या डॉक्टरने औपचारिकतेसाठी न थांबता उपचार करायचे, हे त्याच कायद्याच्या कलम १३४ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात तेच बजावलं. पैशांचं म्हणाल तर मे २०२५ पासून केंद्राची रोखरहित योजना आहे: रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत. हा पूर्ण लाभ यादीतल्या रुग्णालयातच, इतरत्र फक्त प्रकृती स्थिर करेपर्यंत. म्हणून डिपॉझिटची गोष्ट निघाली की आधी विचारा, 'तुम्ही यादीत आहात का?'

प्रश्न (दोडामार्ग, जि. सिंधुदुर्ग): आमच्याकडून १०८ लावला की कधी कधी फोन गोव्यात लागतो. मग काय करायचं?

उत्तर: फोन टॉवरप्रमाणे जातो आणि गोव्याची १०८ वेगळी आहे. गाव, तालुका आणि 'महाराष्ट्र' हे पहिल्याच वाक्यात सांगा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा थेट क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवा. बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात (गोमेकॉत) जाताना सीमेवर परवान्याचा प्रश्न येत नाही, कारण वर सांगितलेली सूट केंद्रीय कायद्यातली आहे. गोमेकॉत जानेवारी २०१८ पासून परराज्यातल्या रुग्णांना शुल्क सुरू झालं, पण तो हिशेब दाखल झाल्यावर करा.

प्रश्न (रुग्णवाहिका चालक, सोलापूर जिल्हा): मागे सायरन वाजत असूनही लोक वाट देत नाहीत. सिग्नल तोडला तर दंड आम्हालाच?

उत्तर: वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई खाली १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. डॅशकॅम असेल तर चित्रण त्याच दिवशी वाहतूक पोलिसांकडे द्या. सिग्नलबाबत २०१७ च्या वाहनचालन विनियमांत तुम्हाला मुभा आहे: तातडीच्या कामावर असताना, दिवा आणि सायरन चालू ठेवून, पुरेशी काळजी घेत लाल दिवा ओलांडता येतो, वेगमर्यादाही. चलान आलंच तर त्या फेरीची नोंद जोडून हरकत घ्या. रुग्णाला सोडून रिकामी गाडी परत नेताना मात्र ही मुभा नाही, सायरन वाजवला तरीही.