‘हलक्या हातानं कर’ एवढ्यानं भागत नाही

प्रश्न : ताई, मी मसाज थेरपीच्या पदविकेच्या शेवटच्या सत्रात आहे. गेल्या आठवड्यात प्रात्यक्षिकासाठी साठीचे एक गृहस्थ आले होते. फॉर्मवर त्यांनी लिहिलं होतं, बायपास झाली आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. आमच्या शिक्षकांनी त्यांना परत पाठवलं. जाताना ते म्हणाले, ‘सगळीकडे हेच ऐकतो.’ वर्गातल्या मुली म्हणतात, हलक्या हातानं केलं असतं तर काय बिघडलं असतं? मला अशाच लोकांसाठी काम करावंसं वाटतं, पण हात लावायची भीती वाटते. यात करिअर होतं का? सुरुवात कुठून करू?

उत्तर : हो, होतं. आणि भीती वाटते हे तू लिहिलंस ते मला आवडलं. समुपदेशनात येण्याआधी मी बरीच वर्षं हेच काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझ्या शिक्षकांना मी दोष देणार नाही. डॉक्टरांचं पत्र हाताशी नसताना शिकाऊ मुलीच्या हाती असा माणूस देणं बरोबर नव्हतंच. फक्त ‘डॉक्टरांना अमुक विचारून या, मग बघू’ एवढं त्यांना सांगायला हवं होतं. ते न सांगितल्यामुळे ते गृहस्थ कायमचे दारातून परतले.

मैत्रिणींचं म्हणणं मात्र तू मनावर घेऊ नकोस. हात हलका असला की धोका टळतो, ही या व्यवसायातली सगळ्यात जुनी चूक आहे. हृदयाची ताकद कमी झालेला माणूस घे. त्याच्या दोन्ही पायांवर सूज असते, बोटानं दाबलं की खड्डा पडतो. लसिकेचा, म्हणजे पेशींभोवती जमणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाचा, निचरा करणारा मसाज अगदी पिसासारखा हलका असतो, पण तो पायातलं पाणी पुन्हा रक्तात आणून सोडतो आणि आधीच थकलेल्या हृदयावर तो भार पडतो. सूज आटोक्यात नसताना तिथं हात हलकाही नको आणि जडही नको. मानेच्या पुढच्या बाजूचंही तसंच. तिथं मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीत रक्तदाब ओळखणारी केंद्रं असतात. थोड्याशा दाबानंही काहींची नाडी मंदावते, डोळ्यापुढे अंधारी येते, आणि आत चरबीचा थर साचला असेल तर त्याचा तुकडा सुटण्याची भीती वेगळीच.

पोटरीचा तर मला स्वतःचा अनुभव आहे. माझ्या सुरुवातीच्या काळात एक नेहमीच्या बाई लांबचा प्रवास करून आल्या आणि म्हणाल्या, ‘पोटरीत गोळा आलाय, जरा मोकळा कर.’ मी हाताला तेल लावलं होतं. दोन्ही पाय शेजारी शेजारी दिसले तेव्हा एक पोटरी दुसरीपेक्षा जाड दिसली, हात टेकवला तर ऊन लागली. मी तेल पुसलं आणि त्यांना त्याच पावली डॉक्टरांकडे पाठवलं. खोल शिरेत गुठळी निघाली. अशी गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर जीव जातो. त्या दिवसापासून कुणाच्याही पायाला हात लावायच्या आधी मी दोन्ही पाय बघायची.

गुठळी का होते याचं तीन कारणांचं सूत्र एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्शो यांच्या नावानं ओळखलं जातं : रक्त साचून राहणं, शिरेच्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याकडे ओढ वाढणं. ही तीन कारणं नीट समजली की फॉर्मवरचे प्रश्न पाठ करावे लागत नाहीत. लांबचा प्रवास, अलीकडची शस्त्रक्रिया, प्लास्टर, बाळंतपण, कर्करोग, गर्भनिरोधक गोळ्या, हे सगळं का विचारायचं ते आपोआप कळतं.

आता तुझ्या त्या गृहस्थांकडे येऊ. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापून तारेनं बांधलेलं असतं. ते धरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, पुरतं भरायला त्याहून जास्त. त्यामुळे पहिली गोष्ट विचारायची, ऑपरेशन कधी झालं? सुरुवातीच्या महिन्यांत पालथं झोपवायचं नाही, हात डोक्यावर ताणायचे नाहीत. दुसरी गोष्ट लोक सांगायचं विसरतात : बायपाससाठी बहुतेक वेळा पायातली शीर काढलेली असते. त्या व्रणाभोवती अनेकांना बधिरपणा राहतो, म्हणजे दाब जास्त होतोय हे त्यांना कळणारच नाही आणि ते तुला सांगूही शकणार नाहीत.

तिसरी गोष्ट गोळी. कुठली, ते नावानिशी विचार. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, सगळ्यांनी रक्त थांबायला वेळ लागतो, पण सगळ्या सारख्या नाहीत. वॉरफरिन घेणाऱ्यांची आयएनआर तपासणी होते, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघतात; आकडा जितका मोठा तितका वेळ जास्त. ती बऱ्याचदा २ ते ३ च्या दरम्यान राखतात. अलीकडचा आकडा त्याहून वर असेल तर त्या दिवशी मसाज नाही. एरवीही बोटाच्या टोकानं खोल घासणं, ठोकणं, कपिंग (पेल्यांनी कातडी ओढून धरणं) हे सोडायचं, तळहातानं सावकाश काम करायचं. आणि एक लक्षात ठेव, ‘छान वाटतंय, आणखी दाबा’ हे ऐकून दाब वाढवायचा नाही. निळे डाग दुसऱ्या दिवशी उठतात. पहिली भेट वीस मिनिटांची ठेव, दुसऱ्या दिवशी फोन कर, डाग नसले तर पुढच्या वेळी थोडं वाढव.

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा धोका बहुतेकदा मसाज संपल्यावर असतो. शरीर सैलावलं की दाब उतरतो, गोळीनंही उतरलेला असतो, आणि माणूस टेबलावरून झटकन उठतो. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं घसरला तर वैद्यकात त्याची नोंद घेतात. म्हणून आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून दोन मिनिटं बसवायचं, आणि तू खोलीबाहेर जायचं नाहीस. टेबलावर घेण्याआधीच दाब १८०/१२० च्या घरात असेल तर मसाज राहू दे, आधी डॉक्टर.

रक्ताच्या आजारांत अहवालाची तारीख बघायला शिक. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाच्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, आठवड्यागणिक बदलतात. निरोगी माणसात त्या दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असतात. पन्नास हजारांच्या खाली गेल्या की डॉक्टरांच्या परवानगीनं नुसता स्पर्श, दाब नाही. हिमोफिलियात, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात आजारात, सांध्यात आतल्या आत रक्तस्राव होतो, म्हणून खोल दाब आणि सांधे ताणणं वर्ज्य. सिकलसेलमध्ये, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात त्या आजारात, थंडीनं वेदनेचा झटका येऊ शकतो, तेव्हा बर्फाची पिशवी दूर ठेव. पेसमेकर असेल तर त्या जागेवर दाब आणि जवळपास विजेची उपकरणं नकोत. डायलिसिसचा फिस्टुला (सुई टोचण्यासाठी रोहिणी आणि शीर जोडून केलेली जागा) असलेल्या हाताला हातच लावू नकोस.

करिअरचं आता बोलते. हृदयविकारानंतरच्या पुनर्वसनाची केंद्रं, कर्करोगाचे विभाग, वृद्धाश्रम, शेवटच्या आजारातल्या माणसांची सेवा करणाऱ्या संस्था, ही तुझी ठिकाणं. काम हळूहळू जमतं, पहिलं वर्ष कठीण जाईल. भेटी लहान असतात आणि काही भेटी ‘आज नको’ म्हणण्यातच संपतात. पण एक फायदा सांगते, जो कुणी सांगत नाही : दिवसभर खोल दाब देणाऱ्यांचे अंगठे आणि मनगटं लवकर झिजतात. या कामात तुझे हात टिकतील.

पदविका झाल्यावर लगेच स्वतंत्र काम सुरू करू नकोस. वर्षभर एखाद्या रुग्णालयात किंवा फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली राहा. शरीरक्रियाशास्त्र पुन्हा वाच, बीपी मोजायला शिक, जीवरक्षणाचं प्रशिक्षण घे. आणि डॉक्टरांना लिहायला शिक. ‘मसाज चालेल का?’ असं विचारलं तर ‘नको’ असंच उत्तर येतं, कारण त्यांच्या डोळ्यापुढे रगडणं येतं. त्याऐवजी लिही : ‘खांदे आणि हात, मध्यम दाब, वीस मिनिटं, पाठ टेकवून अर्धवट बसलेल्या स्थितीत, पायांना हात नाही. हरकत आहे का?’ गोळ्या बंद करणं, निदान करणं, हे तुझं काम नाही. कुणी आग्रह केला तरी नाही.

शिक्षकांकडे त्या गृहस्थांचा फॉर्म अजून असेल. त्यांची परवानगी घेऊन फोन कर, ऑपरेशनची तारीख आणि गोळीचं नाव विचार, आणि डॉक्टरांना द्यायचं पत्र शिक्षकांबरोबर बसून लिही. उत्तर आलं की मला कळव, पहिल्या भेटीत काय करायचं ते आपण तिघं मिळून ठरवू.