कोकणकड्यासारख्या दिवसभराच्या चढाईसाठी क्लाइंबिंग शूज किती घट्ट घ्यावेत? मी नागपूरला असतो, ऑनलाइनच मागवावे लागतील.

बोटं सपाट राहतील, फक्त टोकाला हलकी टेकतील, एवढेच घट्ट घ्या; बोटं दुमडणारा बूट लांब चढाईला नकोच. सह्याद्रीत दिवस दिवस चढून सांगतो, तिसऱ्या-चौथ्या टप्प्यापर्यंत दुखरा अंगठा तुमचं सगळं लक्ष खाऊन टाकतो आणि मग पाय विश्वासाने ठेवलाच जात नाही. आकार सपाट हवा, पुढे केळीसारखा वाकलेला नको. तळवा थोडा कडक घ्या. बेसॉल्टच्या बारीक खाचांवर तासन् तास उभं राहताना मऊ तळव्याच्या बुटात पोटऱ्या आधी थकतात. लेसवाला बूट उत्तम, कारण दुपारी पाय सुजला की सैल करता येतो. अस्तर नसलेलं चामडं वापरून बरंच सैलावतं, सिंथेटिक फारसं नाही. त्यामुळे चामड्याचा बूट सुरुवातीला थोडा आवळच बसू द्या. ऑनलाइन मागवताना शेजारचे दोन नंबर मागवा (परत करण्याची सोय आधी बघून), आणि संध्याकाळी घालून पंधरा-वीस मिनिटं घरात वावरा. नागपूरच्या उन्हाळ्यात तर हे संध्याकाळीच करा, सकाळचा पाय फसवतो. टाच मात्र सैल नको, ती निसटली तर बाकी सगळं जमूनही बूट निरुपयोगी.

हे सगळं लांब, उभ्या कातळासाठी. छोट्या ओव्हरहँगवर (बाहेर झुकलेल्या कातळावर) किंवा बोल्डरिंगला (दोराशिवाय ठेंगण्या खडकांवरच्या चढाईला) घट्ट, वाकडा बूटच कामाला येतो.